बोलका सांधा, मुके हाड

जबलपूर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि त्यांमधून संथ वाहणारी नर्मदा उभी राहते. परंतु या शहराची आणखी एक ओळख आहे आणि ती हाडांची आहे. १८२८ साली विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला येथील बडा शिमला टेकडीच्या परिसरात काही दगडी हाडे सापडली. ती कोणत्या प्राण्याची असावीत हे त्याला सांगता येणे शक्यच नव्हते, कारण ‘डायनोसोर’ हा शब्दच मुळी १८४२ साली जन्माला आला. आशिया खंडात डायनोसोरांचे अवशेष मिळाल्याची ही पहिली नोंद मानली जाते. पुढे १८७७ साली त्या हाडांना शास्त्रीय नाव मिळाले आणि जबलपूरचा उल्लेख जगभरच्या ग्रंथांत होऊ लागला.

त्या हाडांचा हिशेब सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीच संपला. त्यांत आता काही जमा व्हावयाचे नाही की खर्च पडावयाचे नाही. आपल्या देहातील हाडाची गोष्ट अगदी वेगळी आहे. ते वरून दगडासारखे कठीण दिसले तरी आत अहोरात्र मोडतोड आणि बांधकाम चालू असते. काही पेशी जुने हाड कुरतडून काढतात, तर काही त्या जागी नवे घालतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो, आणि दातांना धरून ठेवणाऱ्या जबड्याच्या हाडात तर ही उलाढाल इतर हाडांहून अधिक जलद असते. घालणे आणि काढणे यांचा मेळ बसला, तर हाड भक्कम राहते. काढणे वाढले, तर ते आतून विरळ होत जाते. हा मेळ पुरुषाच्या आणि स्त्रीच्या देहात सारखा राहत नाही. कोणत्या वयात तो कसा बिघडतो आणि जबड्यावर व दातांवर त्याचा काय परिणाम होतो, हे प्रत्येक घरात ठाऊक असावे म्हणून हा लेख.

वाचकहो, प्रथम एक लहानसा प्रयोग करून पाहा. दोन्ही हातांच्या तर्जनी कानांच्या पुढे अलगद टेकवा आणि तोंड सावकाश उघडा व मिटा. बोटांखाली काहीतरी पुढे सरकते आणि पुन्हा मागे येते, असे जाणवेल. तोच जबड्याचा सांधा. खालच्या जबड्याच्या हाडाला दोन्ही टोकांस लहानशा सुपारीएवढी गोलसर डोकी असतात; त्यांना अस्थिकंद म्हणतात. कवटीच्या खोलगट भागात ही डोकी बसतात आणि हाडावर हाड घासू नये म्हणून दोहोंच्या मध्ये एक चिवट चकती असते. दाराची बिजागरी नुसती फिरते. हा सांधा मात्र आधी बिजागरीसारखा फिरतो आणि मग घसरगुंडीवरून उतरावे तसा पुढे सरकतो. शिवाय डावा आणि उजवा सांधा एकाच हाडाला जोडलेले असल्यामुळे दोघांची गत एका जुवाला जुंपलेल्या बैलांसारखी होते. एकाने पाय आखडला की दुसऱ्याच्या मानेवर ओढ येते. जेवताना, बोलताना, जांभई देताना, इतकेच काय, आवंढा गिळतानाही हा सांधा हलतो. देहातील इतर कोणत्या सांध्याला एवढे काम क्वचितच पडत असेल. तरीही गुडघ्याची जेवढी चौकशी घरात होते, तिच्या शतांशानेही याची होत नाही.

जबड्याच्या हाडावरून स्त्री-पुरुष ओळखण्याची विद्या जुनी आहे. उत्खननात मिळालेल्या सांगाड्याची पाहणी करणारे शास्त्रज्ञ, तसेच न्यायवैद्यकाचे तज्ज्ञ, या हाडाकडे मुद्दाम लक्ष देतात. पुरुषाचा जबडा साधारणतः मोठा व जाड असतो, हनुवटी चौकोनी असते, आणि चावण्याचे स्नायू जेथे चिकटतात तेथे हाड खरबरीत होते. स्त्रीचा जबडा आकाराने लहान आणि रेखीव असतो, अस्थिकंदही लहान असतो. पुरुषाच्या चाव्यात जोरही सरासरीने अधिक असतो. भर तारुण्यात मात्र हा फरक मुख्यतः आकाराचा असतो. पंचविशीतील निरोगी स्त्रीचे हाड लहान असेल, पण ते कच्चे असते असे समजू नये.

आता येथे एक विलक्षण गोष्ट आढळते. जबड्याच्या सांध्याचे दुखणे स्त्रियांत पुरुषांच्या जवळजवळ दुपटीने दिसते, आणि त्याचा जोर वीस ते चाळीस या वयात अधिक असतो. म्हणजे ज्या वयात स्त्रीच्या हाडाची घनता आयुष्यातील सर्वांत चांगली असते, नेमक्या त्याच वयात तिचा सांधा तक्रार करतो. पन्नाशी उलटल्यावर हे दुखणे बहुधा कमी होते, आणि हाड विरळ होऊ लागते ते त्या वेळी. दुखणे आणि झिजणे यांचे पंचांग असे निरनिराळे आहे. ‘दुखत नाही, म्हणजे सारे ठीक आहे’ हा आपल्या घरोघरचा समज जबड्याच्या बाबतीत किती फसवा ठरतो, हे यावरून कळून येईल.

सांध्याचे हे दुखणे नाना रूपांनी येते. सकाळी उठल्यावर गाल जड वाटतो, घास चावताना कानापुढे ‘कट’ असा आवाज होतो, जांभई देताना जबडा अडकतो, अर्धे डोके ठणकते. कित्येकदा रोगी कान दुखतो म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे जातो आणि कानात तर काहीच सापडत नाही. ही गफलत इतकी जुनी आहे की या दुखण्याचे पहिले गाजलेले वर्णन कानाच्याच एका डॉक्टरने केले. अमेरिकेतील सेंट लुई येथील जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ साली असे मत मांडले की, मागच्या दाढा पडल्यामुळे जबडा अधिक मिटतो, सांध्यामागील नसा दाबल्या जातात आणि म्हणून कान व डोके दुखते. त्यांची ही उपपत्ती पुढे शरीररचनेच्या अभ्यासकांनी खोडून काढली. परंतु कानदुखीच्या मागे जबडा असू शकतो, ही त्यांची मूळ नजर खरी होती.

स्त्रियांनाच हा त्रास अधिक का व्हावा? याचे एकच एक कारण नाही. सांध्यातील कूर्चा आणि चकती यांवर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा परिणाम होतो. वेदना वाहून नेणाऱ्या नसांवरही ते परिणाम करते. मासिक चक्राबरोबर दुखणे कमी-अधिक झाल्याचा अनुभव पुष्कळ स्त्रियांना असतो. त्यात रात्री झोपेत दात खाणे, दिवसा काळजीने दात आवळून धरणे, एका बाजूची दाढ गेल्यामुळे वर्षानुवर्षे दुसऱ्याच बाजूने चावणे, यांची भर पडते. घरात मात्र याचे निदान फार लवकर होते आणि ते बहुधा एकच असते: ‘हिच्या मनाचे खेळ आहेत.’ मनाचा ताण स्नायू आवळतो हे खरे. पण आवळलेला स्नायू आणि सरकलेली चकती ही मनात नसून गालात असतात. जी सून सासूबाईंना आणि नवऱ्याला आपला गुडघा दुखतो असे सांगू शकते, तिला जबडा दुखतो हे सांगताना संकोच वाटावा, ही काही भूषणावह गोष्ट नाही.

बरे, यावरील पहिले उपचार फारसे खर्चाचेही नाहीत. बहुसंख्य रोग्यांना काही आठवडे सांध्याला विसावा दिल्याने आराम पडतो. मऊ अन्न घ्यावे, घास लहान करावा, ऊस सोलणे व सुपारी फोडणे ही कामे दातांकडून घेऊ नयेत, जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरावी, गालावर ओल्या फडक्याने शेक घ्यावा. ओठ मिटलेले असतानाही वरचे व खालचे दात एकमेकांना टेकलेले नसावेत, ही एक साधी सवय आहे. ती दिवसातून दहा वेळा आठवणीने तपासली तरी स्नायूंचा पुष्कळसा शीण उतरतो. रात्री दात खाणाऱ्यांसाठी दंतवैद्य मापाची पट्टी करून देतात. परंतु तोंड तीन बोटे उभी जातील इतकेही उघडत नसेल किंवा जबडा अडकून बसत असेल, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

हा झाला बोलका सांधा. आता मुक्या हाडाकडे वळू.

स्त्रीची रजोनिवृत्ती साधारणपणे पंचेचाळीस ते पन्नास या वयाच्या आसपास होते. तोवर इस्ट्रोजेन हाड काढणाऱ्या पेशींना लगाम घालीत असते. ते ओसरले की तो लगाम सुटतो आणि पुढील पाच-सात वर्षांत हाड झपाट्याने विरळ होते. पुरुषाच्या हाडाचीही उतारवयात घट होते, परंतु तिला असा एकाएकी आलेला कडा नसतो. ती उतरणीच्या वाटेने हळूहळू जाते. शिवाय पुरुषाची मूळ ठेवच मोठी असल्यामुळे तेवढाच खर्च त्याला उशिरा जाणवतो. हाड अतिशय विरळ होण्याच्या या अवस्थेला अस्थिसुषिरता म्हणतात. तिचे पहिले लक्षण पुष्कळदा मोडलेले मनगट किंवा कंबरेचे हाड हेच असते. त्याआधी ती काहीच बोलत नाही.

जबडा या नियमाला अपवाद नाही. मात्र त्याची स्वतःची एक खोड आहे. रोजच्या चावण्याचा ताण जबड्याच्या हाडाला जागे ठेवतो, त्यामुळे ते माकडहाडाच्या किंवा मांडीच्या हाडाच्या चालीने चालत नाही. अस्थिकंदाची घनता मोजणाऱ्या निरनिराळ्या अभ्यासांचे निष्कर्ष तंतोतंत जुळत नाहीत, ते यामुळेच. ज्याच्या दाढा शाबूत आहेत आणि जो दोन्ही बाजूंनी चावतो, त्याच्या हाडाला काम मिळत राहते. दात गेले की दातांना धरणारे हाड बेकार होते आणि विरघळू लागते. अँटये टालग्रेन या विदुषींनी कवळी वापरणाऱ्या माणसांच्या जबड्यांची पंचवीस वर्षांपर्यंत पाहणी करून १९७२ साली असे दाखवून दिले की, खालच्या जबड्याची अशी झीज वरच्या जबड्याच्या सुमारे चौपट असते आणि पहिल्या वर्षात ती सर्वांत अधिक होते. आजीची खालची कवळी सारखी सैल होते, जेवताना ती काढून पदरात ठेवते आणि सारे तिच्या हट्टी स्वभावाला हसतात. वास्तविक कवळी होती तेवढीच असते. तिच्याखालचे हाड गेलेले असते.

या मुक्या हाडाला बोलते करण्याची एक युक्ती दंतवैद्यांच्या हाती आलेली आहे, आणि तिची माहिती वाचकांना असणे अगत्याचे आहे. अक्कलदाढ किंवा कवळी यांसाठी दंतवैद्य पुष्कळदा संपूर्ण जबड्याचे एक लांबट क्ष-किरण चित्र घेतात. त्यात खालच्या जबड्याच्या तळाशी पांढऱ्या पट्टीसारखी हाडाची कठीण कड दिसते. ही कड अखंड आणि जाड असेल तर उत्तम. ती आतून कुरतडल्यासारखी दिसत असेल, किंवा हनुवटीच्या बाजूस असलेल्या नसेच्या छिद्राखाली तिची जाडी तीन मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर त्या स्त्रीच्या कंबरेचे व मणक्याचे हाडही विरळ झाले असण्याचा संशय घ्यावा, असे युरोपातील पाच शहरांमध्ये स्त्रियांची तपासणी करून झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून निघाले. हा केवळ संशय आहे, निदान नव्हे. निदानासाठी ‘डेक्सा’ नावाची तपासणी करावी लागते. तिच्या अंकावरून अस्थिसुषिरता कोणाला म्हणावे याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवून दिली: तरुण निरोगी माणसांच्या सरासरीपासून उणे अडीच किंवा त्याहून खाली. परंतु कोणतीही बाई हाडांची घनता मोजून घ्यावी म्हणून आपण होऊन दवाखान्यात जात नाही. दाढ ठणकली म्हणजे मात्र तिला जावेच लागते. तेव्हा पन्नाशीनंतर असे चित्र काढले गेले, तर दाताबरोबर हाडाच्या कडेविषयीही विचारून घ्यावे. त्याला वेगळा पैसा पडत नाही.

हाडाची ठेव जमते ती मात्र फार आधी. मुलीच्या हाडांचा जवळजवळ नव्वद टक्के संचय वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत झालेला असतो. पुढे तिशीपर्यंत थोडीशी भर पडते आणि मग साऱ्या आयुष्याचा खर्च त्या शिलकीतून चालतो. म्हणून साठीच्या आजीच्या जबड्याचा विचार करावयाचा, तर बारा वर्षांच्या नातीच्या ताटापासून सुरुवात करावी लागते.

या ठिकाणी पुन्हा जबलपूरला परतावे लागेल. या शहराचे मराठी माणसाशी नाते जुने आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा प्रदेश मराठ्यांच्या आणि नंतर नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. १९५६ पर्यंत जबलपूर व नागपूर एकाच राज्यात होती. येथील वैद्यकीय महाविद्यालय १९५५ साली सुरू झाले, आणि १९८४ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने आदिवासींच्या आरोग्याचा अभ्यास करणारे केंद्र येथे काढले. आज ते राष्ट्रीय संस्था म्हणून काम करते. या केंद्रातील डॉ. तापस चकमा व त्यांचे सहकारी यांनी शेजारच्या मंडला जिल्ह्यातील तिलईपानी या गावी जे पाहिले, ते दात आणि हाड यांचे नाते समजून घेण्यासाठी फार मोलाचे आहे.

गावातील मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडले होते. तेवढ्यावर भागले असते तर कोणी फारशी दखल घेतली नसती. पण पुष्कळ मुलांचे पाय गुडघ्यांपाशी आत वळून एकमेकांवर आपटू लागले होते. शोध घेता हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या कित्येक पट निघाले. आपल्याकडे लिटरमागे एक मिलिग्रॅम ही इष्ट आणि दुसरी सोय नसल्यास दीड मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा मानली जाते. थोडेसे फ्लोराइड दाताला कीड लागू देत नाही, हे आपण मंजनाच्या जाहिरातीत वाचतो. तेच अतिरेकी झाले तर दात तयार होत असतानाच त्यांचा लुकणा बिघडवते आणि हाडात शिरून बसते. मात्र पाय वाकण्याला पाणी एकटे जबाबदार नव्हते. या भागातील गोंड व बैगा लोकांचे मुख्य अन्न म्हणजे कोदो आणि कुटकी यांची पेज. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तर कोदो-कुटकीत त्याचा विसावा हिस्साही भरत नाही. दूध तर ताटात जवळजवळ नाहीच. अशा रिकाम्या हाडावर फ्लोराइडचा मारा झाला.

उपाय शोधताना पाणी बदलणे आवश्यक होते, ते झाले. पण त्याबरोबर या मंडळींनी मुलांच्या आहारात एक रानभाजी आणली. तिकडे तिला चकवड किंवा चकौडा म्हणतात. कोकणातल्या आणि घाटावरल्या वाचकांना ती चांगली ओळखीची आहे, कारण तो आपला टाकळाच! पहिला पाऊस पडला की बांधावर आणि वाटेच्या कडेला जो आपोआप उगवतो आणि ज्याच्या कोवळ्या पानांची भाजी आजीला करावीशी वाटते व नातवंडांना खावीशी वाटत नाही, तोच टाकळा. त्याच्या पानांत कॅल्शियम भरपूर असते. औषधाच्या गोळीला जो खर्च आणि जी वाट पाहावी लागते, ती या भाजीला लागत नाही. मोठमोठ्या संस्थांच्या संशोधनाचा शेवट कधी कधी अशा बांधावरच्या भाजीशी होतो, हे मला तरी फार आवडले.

शहरातील घरात पाणी बहुधा ठीक असते, पण ताटाची वाटणी पाहावी. दुधाचा पेला मुलाला आणि दूध घातलेला चहा मुलीला. मंडळींची जेवणे झाल्यावर उरलेल्या भाजीवर गृहिणीचे जेवण. उपवासांचे वार बहुतेक तिच्याच नावे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली प्रौढ स्त्रीसाठी दररोज एक हजार मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे. अंगावर पाजणाऱ्या आईसाठी बाराशे. पेलाभर दुधातून अडीचशेच्या आसपास मिळते. बाकीचे नाचणीची भाकरी, न सोललेले तीळ, राजगिरा, दही-ताक, पालेभाज्या यांतून जमवता येते. तिळाची चटणी संक्रांतीपुरतीच असावी असा काही शास्त्राधार नाही. आणि कॅल्शियम पोटात जाऊनही हाडात पोहोचावे यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व लागते, ते उन्हातून मिळते. कर्कवृत्त जबलपूर जिल्ह्यातूनच जाते. उन्हाची वाण तेथे नाही आणि महाराष्ट्रातही नाही. तरीही आपल्या देशात या जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, कारण दिवसाचे घरकाम छपराखाली चालते. वाळवण घालण्याची जुनी पद्धत गेली, तिच्याबरोबर बाईच्या वाट्याचे ऊनही गेले.

‘दर बाळंतपणाला एक दात’ असे पूर्वी सहज म्हटले जाई. बाळ आईच्या दातांतून चुना ओढून घेते, ही समजूत चुकीची आहे. एकदा तयार झालेल्या दातातून कॅल्शियम परत काढून घेता येत नाही. आहार अपुरा असेल तर बाळ ते आईच्या हाडातून घेते, आणि दूध तोडल्यावर चांगले अन्न मिळाल्यास ती तूट बहुतांशी भरून निघते. मग दात का जातात? गरोदरपणात वारंवार उलट्या होऊन आम्ल दातांना लागते, थोडे थोडे पुन्हा पुन्हा खाल्ले जाते, लाळेचा गुण बदलतो, हिरड्या सुजतात आणि रक्त येते म्हणून बाई दात घासणेच सोडून देते. कारणे अशी साधी आणि टाळण्यासारखी आहेत. उलटी झाल्यावर लगेच दात न घासता आधी चूळ भरावी, आणि हिरडीतून रक्त आले तरी मऊ ब्रशाने घासणे चालू ठेवावे. गरोदर बाईने दंतवैद्याकडे जाऊ नये हाही असाच एक भ्रम. चौथा ते सहावा महिना हा उपचारांसाठी विशेष सोयीचा असतो.

स्त्रियांचे दात पुरुषांपेक्षा अधिक किडतात, ही गोष्ट केवळ आजची नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. तेथील सांगाड्यांच्या दातांचा अभ्यास सुभाष वाळिंबे यांच्याबरोबर जॉन लुकाक्स या अमेरिकन शास्त्रज्ञांनी केला. याच लुकाक्स यांनी पुढे २००८ साली जगातील अनेक ठिकाणचे दाखले जुळवून असे प्रतिपादन केले की, माणूस शेती करू लागला, बाळंतपणे वाढली, तसा स्त्री व पुरुष यांच्या दातांतील कीडीचा फरक रुंदावत गेला. लाळ आणि संप्रेरके यांचा त्यात भाग आहे. स्वयंपाकघरात दिवसभर काहीतरी तोंडात टाकण्याच्या सवयीचाही असावा. निसर्ग आणि रीतिरिवाज यांची गाठ कोठे सुटते आणि कोठे बसते, हे सांगणे कठीण आहे.

पुरुषांनी मात्र यावरून आपली सुटका झाली असे मानू नये. त्यांच्या दाट हाडाचा लाभ तंबाखू आणि सुपारी हिरावून घेतात. हिरड्यांचा रोग त्यांच्यात अधिक दिसतो. सुपारीने गालाच्या आतील कातडी ताठ होत जाते, तोंड उघडेनासे होते, आणि उत्तम बांधणीचा सांधा गंजलेल्या बिजागरीप्रमाणे बसून राहतो. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी घातली. तसे करणारे ते देशातील पहिले राज्य होते. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही बंदी केली. पण सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन तळहातावर एकत्र करणाऱ्याला कायदा कसा अडवणार? तंबाखूचे मंजन विकण्यास १९९२ पासून मनाई आहे, तरीही तव्यावर भाजून घरीच केलेली मिश्री पुष्कळ बायकांच्या हातून सुटलेली नाही. येथे स्त्री-पुरुषांचा भेद कामाला येत नाही.

शेवटी एक सूचना, जी औषधे घेणाऱ्यांनी विसरू नये. अस्थिसुषिरतेवर दिल्या जाणाऱ्या काही औषधांमुळे हाड काढणाऱ्या पेशी थंडावतात. त्यामुळे मांडीचे व मणक्याचे हाड वाचते आणि बहुसंख्य रुग्णांना त्यांचा फायदाच होतो. परंतु दात काढल्यावर जबड्यात जी जखम राहते, तिथले हाड क्वचित प्रसंगी भरून न येता उघडे पडते. २००३ पासून वैद्यकीय जगात याची नोंद होऊ लागली. कर्करोगासाठी हीच औषधे मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. म्हणून घरातील वडीलधाऱ्या बाईंना अशी गोळी किंवा वार्षिक इंजेक्शन सुरू व्हावयाचे असेल, तर त्याआधी त्यांचे दात तपासून घ्यावेत आणि जो काढावा लागणार असेल तो आधीच काढून घ्यावा. औषध चालू असेल, तर ते आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर न्यावी आणि खुर्चीत बसण्यापूर्वी ती दंतवैद्यांच्या हाती द्यावी.